हॉर्नेट गाडी मातीच्या ट्रॅकवर उतरवताय? या चुका टाळा

मागच्या हंगामातला एक शनिवार. हीटच्या, म्हणजे मुख्य रेसआधीच्या छोट्या रेसच्या, तिसऱ्या फेरीपासून आमची हॉर्नेट (मातीच्या ट्रॅकवर पळवायची जुनी छोटी गाडी) थरथरायला लागली, स्टिअरिंग हातात टिकेना. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत, येताच जॅक लावला, पुढचं उजवं चाक धरून हलवलं, टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा, एंड सैल वाटला म्हणून तो बदलायला घेतला. फीचरला, म्हणजे मुख्य रेसला, जेमतेम 40 मिनिटं होती. माझा सांगलीचा मित्र काढलेलं चाक उचलून बाजूला ठेवायला गेला आणि थांबला. "भावा, हे एवढं जड कसं काय?" उलटं करून बघितलं तर रिमच्या आत मातीचा थर सुकून वीट झालेली, तीही एकाच अंगाला, चार बोटं जाड. स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढली आणि थरथर गेली. टाय रॉडला काहीच झालेलं नव्हतं.

पेरणीच्या दिवसांत काळ्या रानातून जो चालला आहे, त्याला हे लगेच कळेल. चपलेला माती चिकटत जाते आणि पाय जड होतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे तो पाय ताशी 60-70 मैलांनी फिरत असतो. तेव्हा गाडी थरथरली की आधी चारही रिम आतून बघा, पाना नंतर उचला.

आम्ही राहतो इंडियानातल्या कोलंबसला. कमिन्सचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे पुण्याकडची बरीच मंडळी गावात आहेत. जवळच ब्राउन्सटाउनला पाव मैलाचा, म्हणजे साधारण 400 मीटरचा मातीचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक आहे. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये असे ट्रॅक गावोगाव सापडतात आणि त्यांतल्या अनेकांवर सगळ्यात स्वस्त वर्ग असतो चार सिलिंडरच्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांचा. कुणी त्याला हॉर्नेट म्हणतं, आयएमसीए या रेसिंग संघटनेच्या नियमांत तो स्पोर्ट कॉम्पॅक्ट. डॉज निऑन, शेवरले कॅव्हेलियर, होंडा सिव्हिक, फोर्ड फोकस अशा जुन्या गाड्या यात धावतात. निऑन आणि कॅव्हेलियर या दोन्हींचं उत्पादन 2005 मध्येच थांबलं, तरी भंगारवाल्याच्या यार्डात त्यांचे सुटे भाग अजून मिळतात. गल्लीतल्या मेकॅनिकचं घरदारही रेसिंगमध्ये उतरू शकतं ते या वर्गामुळे, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. आपल्यातलं कुणी उतरणार असेल तर त्याचा पहिला हंगाम दुरुस्तीत वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

इंजिनावर पैसे ओतणं

नवखा माणूस पहिला खर्च इंजिनावर करतो. इथे तो बहुतेक वाया जातो, कारण या गाडीची अडचण ताकदीची नाहीच. 60 टक्क्यांहून जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर, वळवायचं काम त्यांचंच आणि ओढायचंही त्यांचंच. टायरची पकड ठरावीक असते. तुम्ही ती ओढण्यात खर्च केली की वळायला उरत नाही. मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलेलं, आणि गाडी मात्र सरळ बाहेरच्या भिंतीकडे निघालेली. रेसर याला पुश म्हणतात.

पुश झाला की हात आपोआप स्टिअरिंग आणखी फिरवतात. हीच चूक. टायर आधीच घसरतोय, त्याला आणखी आडवा केला तर तो मातीवर नांगरासारखा घासतो. स्टिअरिंग थोडं सोडा, ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. वजन पुढे येतं, पुढच्या टायरला पकड मिळते, मागचा भाग हलका होऊन बाहेर सरकतो आणि गाडीचं तोंड आपसूक आत वळतं.

मागचा भाग जास्तच सरकला तर? घाबरून ब्रेक दाबला की गाडी गरकन फिरते आणि मागून येणाऱ्यांच्या आडवी होते. इथे उलटं करायचं: चाकं जायचं त्या दिशेला धरा आणि ॲक्सिलरेटर दाबा. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत घडलेल्या हातापायांना हे पचायला वेळ लागतो. मला पूर्ण एक उन्हाळा लागला. डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायची युक्तीही याच कारणानं चालते: पुढच्या चाकांवर ब्रेकला इंजिन विरोध करतं, त्यामुळे ब्रेकचा परिणाम मागच्या चाकांवर जास्त होतो. पण ती पहिल्या महिन्यात नको. आधी पाय वेळेवर उचलायला शिका.

पुढचं डावं चाक हवेत

बहुतेक हॉर्नेट वर्गांत डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग) कंपनीचंच ठेवावं लागतं, वेल्डिंग करून ते पक्कं करायला बंदी असते. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ज्या चाकाला पकड कमी, ते चाक नुसतं फिरत राहतं आणि दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. ओव्हलवर सगळी वळणं डावीकडे, वजन उजवीकडे झुकतं, पुढचं डावं चाक उचलतं आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन नुसतं किंचाळतं.

मित्राला इनफिल्डच्या, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या मैदानाच्या बाजूनं फोनवर व्हिडिओ काढायला सांगा आणि वळणाच्या मध्यावर गाडीची डावीकडची चाकं बघा. मागचं डावं उचललेलं असेल तर उत्तम, पुढची दोन्ही चाकं जमिनीत रुतून काम करतायत. पुढचं डावं हलकं झालेलं दिसलं तर मागची बाजू कडक करायला हवी. नियमांत बसत असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचा जाड अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणारी दांडी, यार्डातून आणून मागे लावता येतो. तेही चालत नसेल तर मागच्या टायरांत हवा वाढवा, दोन-दोन पौंडांनी. एकदम दहा वाढवली की पाय उचलताच गाडी फिरेल.

हवेबद्दल आणखी एक. पुढच्या उजव्या टायरवर सगळ्यात जास्त भार येतो, तिथे हवा कमी ठेवली की रस्त्यावरच्या साध्या टायरची कड दुमडते, रिम आणि टायरच्या मध्ये माती शिरते आणि हवा हळूहळू जाते. टायरच्या कडेला खडूनं तीन-चार आडव्या रेघा ओढा. रेस झाल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा, टायर किती दुमडला ते तिथेच कळतं. मोजायला गेज नेहमी एकच वापरा आणि आकडे वहीत लिहा. दोन गेजमध्ये तीन-चार पौंडांचा फरक मी स्वतः बघितलाय, आणि त्या फरकापायी आमच्या दोन रात्री गेल्या.

वळणातच इंजिन दगा देतं

गाडी सरळ पट्ट्यावर खणखणीत पळते आणि वळणाच्या मध्यावर ठसकते, असं असेल तर प्लग आणि कॉइल बदलत बसू नका. टाकीत पेट्रोल किती आहे ते बघा. डाव्या वळणात पेट्रोल उजवीकडे ढकललं जातं आणि कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी हवा येते. वजन वाचवायला दोन गॅलन टाकून उतरणारे इथेच फसतात. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा.

तेलाचंही तेच. इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे वळणात तेल इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या (संप) एका टोकाला जमतं आणि पंप कोरडा पडतो. ऑइलचा दिवा वळणात क्षणभर लुकलुकला तर ती रेस तिथेच सोडा. क्रँकचे बेअरिंग जायला दोन-तीन फेऱ्या पुरतात. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर तेल जास्त ठेवणं हा सर्रास केला जाणारा उपाय आहे. त्याहून जास्त भरलं तर तेलाला फेस येतो.

आणि फोर्डवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या काळच्या एस्कॉर्ट, फोकससारख्या गाड्यांत धक्का बसला की पेट्रोल पंप बंद करणारा एक स्विच असतो, फोकसमध्ये आतल्या बाजूला पायाजवळच्या प्लास्टिकमागे. कुणीतरी मागून ढकललं, गाडी बंद पडली, स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर नव्वद टक्के वेळा हाच. वरचं बटण दाबलं की झालं. तो कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा, अंधारात नको.

इंजिन तापत असेल तर रेडिएटरची जाळी आधी बघा. दोन ओल्या फेऱ्यांत ती लिंपल्यासारखी बंद होते. समोर बारीक जाळी लावा आणि प्रत्येक रेसनंतर धुवा. एअर फिल्टरही तसाच. पहिल्या पिढीच्या निऑनचं हेड गॅस्केट मुळातच नाजूक, ती एकदा तापली की गॅस्केट गेलंच समजा.

मोटरसायकलचं हेल्मेट

इथे मी हात जोडून सांगतो: हे करू नका. गाडी 500 डॉलरची आहे म्हणून सुरक्षेचं सामानही जुनंपानं आणायचं, हा विचार मी फार लोकांत बघतो. भिंतीला गाडीची किंमत कळत नाही. हेल्मेटच्या आत स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं लेबल असतं, त्यावर एसए असावं. एम म्हणजे मोटरसायकलचं, त्याची आगीची चाचणी झालेली नसते. सीटच्या पट्ट्यांवर एसएफआय या रेसिंग सुरक्षा संस्थेच्या लेबलची तारीख असते, दोन वर्षांनी पट्टे बदला, ते कितीही नवे दिसले तरी. खांद्यावरून मागे जाणारे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली बांधा. मागे थेट जमिनीला बांधले तर धडकेत ते मणका खाली दाबतात. आधी बॅटरी काढा, मग एअरबॅग पूर्ण बाहेर काढून टाका. डेटोनाच्या रेसमध्ये 2001 मध्ये नामवंत रेसर डेल अर्नहार्ट अपघातात वारले, त्यानंतर त्याच वर्षी नॅसकार या अमेरिकी रेसिंग संघटनेनं मानेचा आधार सक्तीचा केला. तुमचा ट्रॅक सक्ती करत नसला तरी तो घ्या. पैसे कमी पडले तर दुसरा टायरचा जोड घेऊ नका, आधार घ्या.

ट्रॅक दर तासाला बदलतो

संध्याकाळी हॉट लॅप्सच्या, म्हणजे सरावाच्या फेऱ्यांच्या वेळी टँकरनं पाणी मारलेलं असतं, माती चिकट असते, गाडी धरून वळते. फीचरपर्यंत तीच माती कोरडी, काळी, चकचकीत होते. साडेसहाला जमलेली गाडी तशीच दहा वाजता पाठवली की ती पुश करणारच. रात्री एक गिअर वरचा वापरून बघा, चाक कमी फिरतं. आणि आतल्या कडेला ओलसर तपकिरी पट्टा उरला असेल तर तो सोडू नका. आमच्यासारख्या गाड्यांना बाहेरून पळवायचा मोह महागात पडतो.

नियमपुस्तक घरीच वाचा, आणि ज्या ट्रॅकवर जाणार त्याचं वाचा. शेजारच्या गावात चालणारं शॉक ॲब्झॉर्बर तुमच्याकडे चालेलच असं नाही.

रविवारी सकाळी गाडी धुवा, माती दगड व्हायच्या आत. मग पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला आणि एकेक हातानं फिरवा. घरघर आली तर बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून फिरवताना टकटक झाली तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट, त्याचं रबर फाटून आत माती गेलेली असणार. उजव्या बाजूच्या खालच्या बॉल जॉइंटवर आणि स्ट्रटच्या टॉवरवर, म्हणजे सस्पेंशन वर जिथे बॉडीला बसतं तिथे, टॉर्च मारा. गेल्या ऑगस्टमध्ये तिथे मला केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून नखानं खरवडलं, तर नख आत अडकलं.