बिल डॉलरमध्ये, खर्च रुपयात : विनिमय दर आधीच कसा बांधून घ्यावा

समजा, समुद्रपूर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी वायगाव हळदीची पावडर दुबईच्या व्यापाऱ्याला विकते. सौदा ३०,००० डॉलरचा, पैसे ९० दिवसांनी. हळकुंडाची खरेदी, दळण, पॅकिंग, नागपूरहून बंदरापर्यंतचं भाडं, बँकेचं व्याज हे सगळं रुपयात, मिळून साडेपंचवीस लाख. हिशोबापुरता डॉलर ८८ रुपये धरला तर हाती २६ लाख ४० हजार येतात, म्हणजे नफा ९० हजार. डॉलर एक रुपयाने उतरला की त्यातले ३० हजार गेले. तीन रुपयांनी उतरला तर नफा शून्य. माल चांगला, गिऱ्हाईक चोख, तरीही.

‘डॉलर तं वरच जाते’ हे आपल्याकडचं लाडकं उत्तर. दहा-वीस वर्षांचं पाहिलं तर ते खरंही आहे. पण तुमचं बिल ९० दिवसांचं आहे. ऑगस्ट २०१३च्या अखेरीस डॉलर ६८च्या पुढे गेला होता. ऑक्टोबरात तो ६१-६२वर होता. २००७मध्ये तर वर्षाच्या सुरुवातीला ४४च्या आसपास असलेला डॉलर वर्ष संपता संपता ३९वर आला.

आधी वही, मग बँक

एका पानावर तीन रकाने आखा: किती डॉलर येणार, कोणत्या तारखेला, आणि किती डॉलर बाहेर जाणार. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. जहाजभाडं डॉलरमध्ये असेल, परदेशी मशीनचा हप्ता असेल, तिकडच्या दलालाचं कमिशन असेल, तर तेवढे डॉलर येणाऱ्या रकमेतून वजा करा. उरेल तेवढीच तुमची जोखीम. आलेले डॉलर लगेच रुपयात न बदलता बँकेच्या ईईएफसी खात्यात (निर्यातदारांच्या परकीय चलन खात्यात) थोडे दिवस ठेवता येतात आणि त्यातून हे खर्च भागवता येतात. त्या खात्यावर व्याज मिळत नाही, म्हणून ते साठवणुकीचं ठिकाण समजू नका.

मग खर्च भागिले डॉलर. आपल्या उदाहरणात २५,५०,००० भागिले ३०,००० म्हणजे ८५. हा तुमचा तळाचा दर. गिऱ्हाईक महिनाभर उशिरा पैसे देईल असं धरून त्या महिन्याचं व्याजही खर्चात घाला, कारण ते बहुधा लागतंच. तळाचा दर माहीत नसताना डॉलर वर जाईल की खाली यावर चर्चा करणं म्हणजे नुसता टाइमपास.

फॉरवर्ड कसा बुक करायचा

फॉरवर्ड म्हणजे बँकेशी केलेला करार: अमुक तारखेला इतके डॉलर अमुक दराने मी तुम्हाला विकेन. तालुक्याच्या शाखेत हे काम सहसा होत नाही. फाइल नागपूरच्या फॉरेक्स शाखेकडे जाते. त्यासाठी बँकेकडून मर्यादा मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर मार्जिन म्हणून मुदत ठेव मागतात. कंटेनर भरायला आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम हंगामाआधीच उरकून ठेवा.

रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असलं की पुढच्या तारखेचा दर आजच्यापेक्षा थोडा वर असतो. निर्यातदाराला तो फरक मिळतो, आयातदाराला मोजावा लागतो. बँक स्वतःचे पैसेही त्यातच कापते, म्हणून ‘तुमचा कट किती पैसे?’ असं तोंडावर विचारा. ऑगस्ट २०१९पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा डॉलर खरेदी-विक्रीचा ऑनलाइन मंच चालू आहे. बँकेमार्फत तिथे नोंदणी केली की बाजारातला दर दिसतो आणि घासाघीस करायला आधार मिळतो.

किती बुक करायचं? माझं मत: पक्की ऑर्डर हातात असेल तर साधारण दोन-तृतीयांश. समजा बँकेने तीन महिन्यांचा दर ८८.४० दिला आणि तुम्ही २०,००० डॉलर बांधले. त्याचे १७ लाख ६८ हजार पक्के. उरलेले १०,००० डॉलर ८५ने विकावे लागले तरी एकूण २६ लाख १८ हजार येतात आणि ६८ हजार नफा हाती राहतो. उलट डॉलर ९१वर गेला तर नफा १ लाख २८ हजार होईल. काहीच बांधलं नसतं तर १ लाख ८० हजार झाला असता. मधल्या ५२ हजारांवरून आमसभेत कुणीतरी उभं राहतंच: ‘डॉलर ९१ले गेला, मंग तुमी ८८ले काहून देल्ला?’ म्हणून किती टक्के बांधायचे आणि कोणत्या दराखाली थांबायचं नाही, याचा ठराव संचालक मंडळात आधीच करून इतिवृत्तात नोंदवा. नंतर तोंडी समजावणं कठीण जातं.

ऑर्डर नसताना बुक करू नका. माल गेलाच नाही आणि डॉलर ९१वर असेल, तर करार रद्द करताना तेच ५२ हजार खिशातून बँकेला द्यावे लागतील. गिऱ्हाईक तारखा पाळत नसेल तर एका दिवसाऐवजी महिनाभराच्या मुदतीत केव्हाही डॉलर देता येतील असा फॉरवर्ड मागा.

आणि ‘शून्य खर्चात जादा दर’ अशी गुंतागुंतीची योजना कुणी पुढे केली तर सही करू नका. २००७-०८मध्ये तिरुपूरचे कितीतरी कापड निर्यातदार अशाच डेरिव्हेटिव्ह सौद्यांत बुडाले. ज्या कागदाचा तोटा तुम्हाला चौथीच्या गणिताने काढता येत नाही, तो तुमच्या कामाचा नाही.

फॉरवर्डने दर बांधला जातो, गिऱ्हाईक बांधलं जात नाही. दुबईवाल्याने पैसेच बुडवले तर? त्यासाठी ईसीजीसीचा विमा आहे. ही केंद्र सरकारची कंपनी १९५७पासून हेच काम करते. नवं गिऱ्हाईक असेल तर माल पाठवण्याआधी पॉलिसी घ्या.

एकही डॉलरचं बिल नसेल तर

तरी सुटका नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाचा भाव भडकला आणि युद्ध संपल्यावर पडला. आज न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव वजनाच्या पाउंडाला सेंटमध्ये निघतो. डॉलर स्वस्त झाला की बाहेरचा कापूसही स्वस्त पडतो आणि इथला भाव दबतो. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं, तेव्हा जिनिंगवाल्यांना डॉलरइतकंच दिल्लीकडेही लक्ष ठेवावं लागलं. सोयाबीन-हरभऱ्याला वायद्याचा (पुढच्या तारखेचा भाव आधीच ठरवणाऱ्या सौद्याचा) आधार घ्यावा म्हटलं तर बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१मध्ये सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली.

अशा वेळी पडत्या भावात विकायचं नसेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना पाहा. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. १८० दिवसांपर्यंत व्याज ६ टक्के. ही सोय फक्त शेतकऱ्याच्या मालाला आहे, व्यापाऱ्याच्या नाही, म्हणून जाताना पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा सोबत न्या.