घाटात गाडी वळायला जड जाते? आधी मागची उंची मोजा

डबलसीट घाट चढताना हँडल हलकं लागतं, वळणात गाडी बाहेर बाहेर जाते, आणि रात्री समोरचे सारखे डिपर देतात, कारण आपला हेडलाइट आभाळाकडे बघत असतो. तिन्ही तक्रारी एकदम आल्या, तर बहुधा गाडी मागून जास्त बसते आहे. अशा वेळी ‘शॉकअप गेले, नवे टाका’ हा सल्ला पटकन मिळतो. तो मानण्याआधी मेजर टेप घ्या आणि दोघांना मदतीला बोलवा.

मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) जास्त उभा होतो आणि गाडी चटकन वळते. मागे बसली की फोर्क तिरका होतो. गाडी सरळ छान जाते, पण वळवताना जोर लागतो. दोन चाकांत 1400 मिमी अंतर असेल, तर मागून 10 मिमी उचलल्यावर फोर्कचा कोन सुमारे 0.4 अंशाने बदलतो. आकडा लहान दिसतो, पण हाताला जाणवतो. म्हणून मागच्या शॉकअपची रिंग एका वेळी एकच पायरी फिरवायची.

सुरुवात टायरच्या हवेपासून करा. मागे हवा कमी असली तरी गाडी अशीच जड वळते.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक अधांतरी हवं. ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टी लावून पेनाने खूण करा. ॲक्सलच्या नटाच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंत मोजा. आता स्टँड काढा, हेल्मेट-जॅकेट घालून बसा आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा. एकाने समोरून हँडल धरायचं. सीट दोन-तीनदा दाबून सोडा, गाडी स्थिरावली की दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. रस्त्यावर चालवायच्या गाडीला तो मागच्या चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) 25 ते 33 टक्के असावा. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 411 चा मागचा ट्रॅव्हल 180 मिमी आहे, म्हणजे सॅग 45 ते 60 मिमी.

सॅग जास्त भरला तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवा, कमी भरला तर उतरवा. स्प्लेंडरसारख्या दोन शॉकअपच्या गाडीत स्प्रिंगच्या टोकाशी पाच पायऱ्यांची रिंग असते. ती सी-पान्याने फिरवायची आणि दोन्ही बाजू एकाच पायरीवर ठेवायच्या. पावसाळ्यानंतर ही रिंग चिखलाने आणि गंजाने धरते. आधी धुवा, गंजावर स्प्रे मारा, थोडं थांबा. छिन्नी-हातोडी लावू नका. पायरीचा काठ तुटला की रिंग भाराखाली सटकते.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज सोडून द्या. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते. म्हणूनच शेवटच्या पायरीवरही सॅग जास्त येत असेल, किंवा तुम्ही बसल्यावर सॅग बरोबर येतो पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही खाली बसत नाही, तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ पडते आहे. तेव्हा खर्च जाड तारेच्या स्प्रिंगवर करा.

पाय टेकत नाहीत म्हणून लोअरिंग लिंक (गाडी मागून खाली आणणारा जोड) बसवणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: साइड स्टँडही त्या मापाने कमी करून घ्या. नाहीतर गाडी जवळजवळ उभीच राहते आणि हलक्या धक्क्याने पलीकडे पडते.

उंची बदलली की चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे तपासा आणि हेडलाइट नीट लावा. मग ओळखीच्या वळणाच्या रस्त्यावर, नेहमीच्याच वेगाने चालवून बघा. गाडी आत पडल्यासारखी वाटली किंवा सरळ रस्त्यावर हँडल थरथरलं, तर एक पायरी मागे या.

डबलसीट आणि सामानासाठी हेच माप भरल्या गाडीवर पुन्हा घ्या. दोन्ही वेळच्या पायऱ्या लिहून ठेवा. सहलीहून आल्यावर रिंग जुन्या पायरीवर आणायचं लक्षात राहतं.