रॅट दगावला, पण यकृत निकामी होऊनच का? या चुका टाळा

यकृताचा मोठा भाग काढल्यावर उरलेल्या भागाला काम झेपलं नाही, तर शस्त्रक्रिया नीट होऊनही रुग्ण हाती लागत नाही. हे का घडतं, ते शोधायला रॅटवर प्रयोग करतात. सोलापुरात एमएस-एमडीच्या प्रबंधासाठी हा विषय घेणार असाल, तर एक प्रश्न सतत विचारत राहा: प्राणी मेला तो यकृतामुळेच का?

सगळ्यात जास्त घोळ टक्केवारीचा. हिगिन्स आणि अँडरसन यांनी 1931 मध्ये मांडलेली पद्धत म्हणजे यकृताचे मधला आणि डावा हे लोब (पाळ्या) बांधून काढणं, साधारण 70 टक्के. निरोगी रॅट यातून सहसा वाचतो आणि आठ-दहा दिवसांत यकृताचं वजन जवळजवळ भरून काढतो. हे यकृत पुन्हा वाढण्याचं मॉडेल झालं. निकामी होणं दाखवायचं तर 85-90 टक्के काढावं लागतं, नाहीतर आधीच चरबी साठलेल्या किंवा फायब्रोसिस (तंतू वाढून घट्टपणा) झालेल्या यकृतावर थोडं कमी. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांचं यकृत तरी कुठे धडधाकट असतं? केमोथेरपी, सिरॉसिस, काहीतरी असतंच.

आता मृत्यूची वेळ बघा. पहिल्या काही तासांत रॅट गेला, तर आधी रक्तस्राव आणि भूल तपासा. पहिल्या रात्रीत गेला, तर रक्तातली साखर उतरली का ते बघा. 90 टक्के यकृत गेल्यावर ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठाच उरत नाही. म्हणून आदल्या रात्री उपाशी ठेवू नका आणि पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज द्या. उन्हाळ्यात ती बाटली रोज बदला, मुंग्याही लागतात.

आणि थंडी! बाहेर 43 अंश असताना हीटिंग पॅड कशाला, असं वाटतं. पण ऑपरेशनची खोली एसीची, पोट उघडं, भूल दिलेली, एवढासा जीव. त्याचं तापमान भराभर उतरतं. पॅड आणि गुदद्वारातला थर्मामीटर मे महिन्यातही लागतातच.

टाक्याची जागा ही खरी हाताची कसोटी. मधल्या लोबचा टाका महाशिरेला (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला) फार चिकटून बसला, तर शीर आवळली जाते आणि उरलेल्या यकृतातलं रक्त बाहेर पडत नाही. फार लांब बांधला, तर मागे राहिलेला तुकडा सडतो आणि रक्तातलं एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) फुगवतो. लोब कापण्यापूर्वी टाका आवळून मिनिटभर थांबा आणि राहणाऱ्या लोबचा रंग पाहा. तो काळपट, टम्म दिसला तर टाका सोडून पुन्हा बांधा. काढलेलं यकृत दर वेळी तोलून वहीत लिहा. ‘90 टक्के’ हा आकडा तराजूतून यायला हवा. सगळ्या शस्त्रक्रिया दिवसाच्या एकाच वेळेला करा, कारण यकृताच्या पेशींचं विभाजन दिवस-रात्रीच्या चक्राशी बांधलेलं आहे. वेदनाशामक चुकवू नका, पण पॅरासिटामॉल टाळा.

माणसांचे निकष जसेच्या तसे लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. शस्त्रक्रियेनंतर यकृत निकामी होण्याच्या 2011 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत पाचव्या दिवशी किंवा त्यानंतर वाढलेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) धरतात. 90 टक्केवाला रॅट बहुधा त्याआधीच गेलेला असतो. तुम्ही 24, 48, 72 तास ठरवा. एएलटी इजा दाखवतं. काम किती चाललंय ते बिलिरुबिन, आयएनआर आणि अमोनियावरून कळतं. रक्तही जपून काढा: 250 ग्रॅमच्या रॅटमध्ये सगळं मिळून साधारण 16 मिली असतं. एका वेळी दीड मिलीच्या वर गेलात, तर पुढचे आकडे रक्त कमी झाल्याचे असतील.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे अर्ज करतानाच प्रयोग कुठे थांबवणार ते लिहा. कूस बदलता न येणारा, गार पडलेला रॅट मरेपर्यंत ठेवायचा नाही, त्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा. त्याच क्षणी घेतलेलं रक्त आणि ऊतक तपासता येतं. रात्री पिंजऱ्यात मेलेल्याचं यकृत सकाळपर्यंत नासतं, त्याच्या स्लाइडवरून काहीच सांगता येत नाही.