जांभ्यातला झरा राखताना

कोकणच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, पडलेला पाऊस सच्छिद्र जांभा दगडातून खाली मुरतो, चिकणमातीच्या थराला अडतो आणि उतारावर बाहेर पडतो. त्यामुळे झऱ्याची काळजी तोंडापेक्षा वरच्या सड्यावर जास्त घ्यावी लागते.

आधी मोजमाप. सगळी धार पन्हळीने १० लिटरच्या बादलीत घ्या, बादली भरायला लागलेले सेकंद मोजा आणि ६०० ला त्या आकड्याने भागा. ४० सेकंद लागले, तर मिनिटाला १५ लिटर. तीनदा मोजून सरासरी काढा आणि दर महिन्याला वहीत टिपा. मे महिन्याचा आकडा खरा. श्रावणात काय, प्रत्येक झरा श्रीमंतच दिसतो!

धार वाढवायला तोंड खोदू नका, सुरुंग तर नकोच. खालचा थर फुटला की पाणी भलतीकडे वळते. तोंड सिमेंटने बंद केले तरी तेच होते, शिवाय बेडूक-खेकड्यांचा आसरा जातो. दगडांची कोरडी बांधणी करा, सांधे उघडे ठेवा. टाकी बांधायचीच तर धारेच्या पातळीखाली. पाणी तुंबून मागे दाब येता कामा नये.

वरच्या बाजूला शौचालयाचा शोषखड्डा, गुरांचा गोठा नको. जांभ्याच्या भेगांतून घाण फारशी न गाळता खाली येते. पाणी नितळ दिसले तरी पिण्याआधी जिवाणू-तपासणी करा.

आंघोळ, कपडे खालच्या अंगाला, तेही साबण प्रवाहात न सोडता.