तीस तासांचे सहा तास: पाणीपाळीच्या हिशोबातली दुरुस्ती

मिरजेकडच्या उसाला रात्रीच्या विजेवर पाणी, पैसे तासांवर. मोटर १०:१५ ला चालू, पहाटे ५:४५ ला बंद. एक्सेलमध्ये वजाबाकी केली की रकान्यात नुसते ########. रकाना कितीही रुंद करा, जात नाहीत, कारण मध्यरात्र ओलांडल्याने उत्तर उणे येतं आणि उणे वेळ एक्सेल दाखवत नाही.

उपाय: सुरुवातीची वेळ ए२ मध्ये, बंदची बी२ मध्ये; साधी वजाबाकी काढून =मॉड(बी२-ए२,१) असं इंग्रजी अक्षरांत लिहा. ७:३० येतात. सुरुवातीची वेळ मात्र २२:१५ अशीच भरा. नुसतं १०:१५ म्हणजे सकाळ धरली जाते आणि साडेसातचे साडेएकोणीस तास होतात. शेतकऱ्याला भुर्दंड!

चार रात्रींची बेरीज ३० हवी, दिसते ६:००. चोवीस तास भरले की घड्याळ पुन्हा शून्यावर. फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम निवडून एच चौकोनी कंसात घाला, पुढे कोलन आणि दोन एम. ३०:०० दिसतील.

आता पैसे. तासाला १०० रुपये धरले तर ३,००० ऐवजी १२५ येतात. एक्सेलच्या लेखी ३० तास म्हणजे १.२५ दिवस. म्हणून बेरजेला आधी २४ ने गुणा, मग दराने, आणि त्या रकान्याचा फॉरमॅट नंबर ठेवा.