काहावची पिल्लं नव्या बेटावर कशी वसवायची

काहाव हा समुद्रपक्षी, तो फक्त अटलांटिकमधल्या बर्म्युडात, बिळात घरटं करतो. तीनशेहून जास्त वर्षं तो संपलाच असं सगळे धरून बसले होते, मग १९५१ मध्ये कॅसल हार्बरमधल्या उघड्या खडकांवर मोजक्या जोड्या सापडल्या. ते खडक इतके सखल की मोठं वादळ आलं की लाटा थेट बिळांवर, २००३ च्या फेबियन चक्रीवादळात हे झालंच. म्हणून पिल्लं जवळच्याच पण मोठ्या आणि उंच नॉनसच बेटावर न्यायची.

आधी बेटावर उंदीर नाहीत ना ते बघा, नसतील तरच पुढचं. मग काँक्रीटची बिळं. बोगद्याला वळण द्या म्हणजे आतल्या खोलीत अंधार राहतो, आणि वर उचलता येईल असं झाकण ठेवा. तोंडाशी लाकडी फळी बसवा, तिचं भोक काहाव जाईल पण लाँगटेल हा दुसरा समुद्रपक्षी अडकेल एवढंच हवं. ही फळी विसरूच नका, लाँगटेल बिळात घुसून काहावची पिल्लं मारतो.

आता सगळ्यात नाजूक भाग, वेळ. जोडी जानेवारीत एकच अंडं घालते, ते गेलं तर त्या वर्षी दुसरं नाही, म्हणजे एकेक पिल्लू जपायचं. मार्चच्या आसपास ते अंड्यातून बाहेर येतं आणि मे-जूनमध्ये उडतं. उडायच्या आधी काही रात्री ते बिळाबाहेर येऊन पंख फडफडवतं, तेव्हाच त्या जागेची खूण त्याच्या डोक्यात बसते आणि मोठं झालं की तिथेच परततं. म्हणजे उचलायचं ते पहिल्यांदा बिळाबाहेर यायच्या आधी, उडायला साधारण तीन आठवडे असताना. फार लवकर उचललं तर आईबापांचं भरवणं उगाच तुटतं, उशीर केला तर ते जुन्या खडकावरच जाणार, सगळी मेहनत वाया.

नव्या बिळात मासे आणि स्क्विड भरवा, वजन आणि पंखाची लांबी लिहून ठेवा. शेवटी वजन थोडं उतरतं, घाबरू नका, तेव्हा ठासून भरवू नका. पायात कडं घाला, नाहीतर परत आलेलं कोण ते कळणार कसं?

मग काही वर्षं थांबायचं, कारण ती समुद्रावरच वाढतात. नॉनसचला २००४ ते २००८ शंभरेक पिल्लं नेली आणि २००९ मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्मलं. मधल्या काळात रात्री काहावच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावा, आणि रिकामी बिळं तयार ठेवा, परतलेल्या नराला जागा लागते.