लॉस एंजेलिसच्या जुन्या ऑफिस इमारतीत लॉफ्ट घेताना

लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये १९९९ साली नियम बदलला आणि रिकाम्या पडलेल्या जुन्या ऑफिस इमारतींत लॉफ्ट, म्हणजे उंच छताची मोकळी घरं, करणं सोपं झालं. मेन आणि फोर्थ या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची १९०७ ची सॅन फर्नांडो बिल्डिंग त्यातल्या सुरुवातीच्यांपैकी. उंच छत पाहून भुलू नका. ही जागा टेबल-खुर्चीसाठी आखलेली होती, हे लक्षात ठेवून तपासा.

आधी खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत टेप लावा. २५ फुटांच्या पुढे दिवसाही दिवा लागणार हे धरून चाला. झोपायची जागा बरेचदा आत, बिनखिडकीची असते आणि उजेड यावा म्हणून तिच्या भिंती छतापर्यंत नेलेल्या नसतात. मग स्वयंपाकाचा आवाज आणि वास थेट अंथरुणात येतो.

आपल्याकडे फोडणी रोजची, म्हणून सगळ्यात जास्त वेळ चिमणीला द्या. तिच्या वरचं कपाट उघडा. बाहेर जाणारा पत्र्याचा पाइप दिसला तर उत्तम. नसेल तर ती हवा फक्त फिल्टरमधून फिरवून खोलीतच सोडते. वाफ आणि बराचसा धूर घरातच राहतो. पाइप नंतर टाकू, या भरवशावर घर घेऊ नका. वारसा-इमारतीच्या दर्शनी भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळणं फार कठीण.

त्याच कारणाने खिडक्याही पुष्कळदा मूळच्या, एकेरी काचेच्या. आतून दुसरी काच बसवा, मध्ये ४ इंच पोकळी ठेवा; रस्त्याचा आवाज बराच उतरतो. आतली काच घट्ट सील करा. फट राहिली तर थंडीत खोलीतली दमट हवा बाहेरच्या गार काचेवर पाणी धरते आणि लाकूड कुजतं. चौकटीचा जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

आतल्या जुन्या भिंती पोकळ मातीच्या विटांच्या असतील तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर वीट आतून फुटते. साधा प्लास्टिकचा गिट्टा तिथे निसटतो. टॉगल बोल्ट, म्हणजे पोकळीत पंख उघडून भिंतीला मागून धरणारा बोल्ट, वापरा.

सही करण्याआधी सोसायटीकडून दोन कागद घ्या. पहिला, भूकंपासाठीच्या मजबुतीकरणाचा: जुन्या ठिसूळ काँक्रीट इमारतींसाठी शहराने २०१५ मध्ये सक्ती केली, मुदत २५ वर्षांची, आणि खर्च मालकांवर येतो. दुसरा, मिल्स अ‍ॅक्ट या कॅलिफोर्नियाच्या वारसा-इमारतींसाठीच्या कायद्याखालचा करार. तो असेल तर मालमत्ता कर कमी होतो आणि करार नव्या मालकाकडे चालू राहतो, पण इमारत जपण्याच्या अटीही त्याच्यासोबत येतात.